भूमितीत ‘साध्य’ लिहितो, मग रसग्रहणात का नाही? साहित्यावर मुद्देसूद निबंध कसा लिहायचा, समजून घ्या

कडेगाव : दहावीच्या भूमितीच्या वहीत प्रमेय लिहिताना मुलं तीन शब्द न विसरता लिहितात. पक्ष, साध्य आणि सिद्धता. म्हणजे काय दिलं आहे, काय सिद्ध करायचं आहे आणि ते कसं सिद्ध होतं. साध्य लिहिलंच नाही, तर खालच्या पायऱ्या कशासाठी चालल्या आहेत, हे तपासणाऱ्याला कळत नाही.

त्याच मुलांची मराठीची वही उघडा. रसग्रहणाच्या उत्तरात कवितेचा आशय असतो, एखादा अलंकार ओळखलेला असतो, ‘ही कविता मनाला भिडते’ हेही असतं. पण मधला शब्द गायब असतो. या उत्तरातून नेमकं काय दाखवून द्यायचं आहे, ते सांगणारं वाक्य सापडत नाही.

साहित्यावरचा निबंध शिकवताना जगात अनेक ठिकाणी याच एका वाक्यावर सगळा भर असतो. इंग्रजीत त्याला थीसिस म्हणतात. पीएचडीच्या प्रबंधालाही हाच शब्द असल्यामुळे थोडा गोंधळ होतो. इथे अर्थ साधा आहे : अख्खा निबंध ज्या एका दाव्यावर उभा असतो, ते वाक्य. आपण त्याला भूमितीतलाच ‘साध्य’ हा शब्द वापरू. तो कडेगावपासून कणकवलीपर्यंतच्या प्रत्येक दहावीच्या मुलाला माहीत आहे.

सध्या परीक्षेत काय विचारतात?

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘कुमारभारती’ची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४, अशी विभागणी आहे. पद्य विभागात दिलेल्या ओळींचं रसग्रहण ४ गुणांना येतं. ते तीन मुद्द्यांवर लिहायचं असतं : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं. बारावीतही रसग्रहण आहेच.

हे तीन मुद्दे चुकीचे नाहीत. कविता काय सांगते, कशी सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते, हे पाहायलाच हवं. अडचण पुढे होते. मुद्द्यांचा फॉर्म होतो आणि मुलं रकाने भरू लागतात. ‘कवीने साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत मोठा आशय मांडला आहे’ हे वाक्य पाठ असतं. ते निसर्गकवितेला चालतं, संतांच्या अभंगाला चालतं आणि कामगाराच्या कवितेलाही चालतं.

एक सोपी कसोटी आहे. तुमच्या उत्तरातलं वाक्य घ्या आणि फक्त कवितेचं नाव बदला. वाक्य तरीही खरं वाटत असेल, तर ते त्या कवितेबद्दल काहीच सांगत नाही.

चार गुणांसाठी एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. चार गुण पाठांतरावरही मिळून जातात. पण शाळेत लागलेली ही सवय पुढे महाग पडते.

• पदवी : कडेगावची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत संशोधनाचा पर्याय आहे. तिथे पहिला प्रश्न ‘तुझं म्हणणं काय?’ हाच असतो.

• एमपीएससी : राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. त्यात निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा आहे. चार पर्यायांतून गोल रंगवण्याची तयारी इथे पुरत नाही.

• यूपीएससी : मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतला, तर प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात. दुसऱ्या पेपरात महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा आसूड’, बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’, कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’, नारायण सुर्वे यांचा ‘जाहीरनामा’ अशी पुस्तकं नेमलेली आहेत. कथानक सांगून तिथे भागत नाही.

गुणांपलीकडेही एक गोष्ट आहे. आपलं म्हणणं एका वाक्यात मांडणं, त्याला पुरावा देणं आणि समोरच्याचा आक्षेप ऐकून ते दुरुस्त करणं, हे ग्रामसभेत लागतं आणि नोकरीच्या मुलाखतीतही लागतं. शाळेत ते शिकण्याची जागा मराठीचा तास ही आहे.

साध्य म्हणजे नेमकं कसलं वाक्य?

उदाहरण जवळचंच घेऊ. कडेगावहून विट्यामार्गे पुढे गेलं की आटपाडी तालुका लागतो. याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर. त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानाच्या काळात राजाराम सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवायला येतो. सुरुवातीला मुलं मेंढरांमागे आणि शाळा ओस. हळूहळू वाडी त्याला आपला मानू लागते. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते.

या कादंबरीवर विद्यार्थी तीन प्रकारची वाक्यं लिहू शकतो.

१. माहिती : ‘बनगरवाडी’ ही धनगर समाजाच्या जीवनावरची कादंबरी आहे. हे खरं आहे, पण यावर कुणी वाद घालणार नाही. इथून निबंध पुढे सरकत नाही.

२. मत : ‘बनगरवाडी’ ही मराठीतली अतिशय सुंदर कादंबरी आहे. असेलही. पण हे तुमच्या आवडीबद्दलचं वाक्य झालं. ते सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

३. साध्य : ‘मास्तर वाडीला शिकवायला येतो, पण प्रत्यक्षात वाडीच मास्तरला शिकवते.’ आता कुणी म्हणेल, ‘असं कसं? तालीम बांधायची कल्पना तर मास्तरची होती.’ वाद सुरू झाला, म्हणजे वाक्य कामाचं आहे.

साध्याची ओळख तीन गोष्टींवरून पटते. शहाणा वाचक त्याला नाही म्हणू शकतो. त्यासाठी पुस्तकातून पुरावा काढता येतो. आणि ते दुसऱ्या पुस्तकाला चिकटवता येत नाही.

मुलांना सुरुवातीला एक साचा द्यायला हरकत नाही : ‘वरवर पाहता ..., पण नीट वाचलं तर ..., कारण ...’ पहिल्या रिकाम्या जागेत सगळ्यांना दिसतं ते, दुसऱ्या जागेत तुम्हाला दिसलं ते आणि तिसऱ्या जागेत पुरावा. हात बसला की साचा सोडून द्यायचा.

वाक्य सुचत नसेल तर?

साध्य एकदम सुचत नाही. त्याआधी प्रश्न पडावा लागतो आणि प्रश्न बहुतेक वेळा खटकलेल्या जागेतून निघतो.

‘बनगरवाडी’त अशा जागा पुष्कळ आहेत. बैलाची जोडी पुरी करायला शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, तेव्हा लेखक हळहळ का व्यक्त करत नाही? मास्तरला इतका जीव लावणारा म्हातारा कारभारी एका गैरसमजावरून त्याच्यापासून दूर का जातो? शाळेच्या गोष्टीत तालमीला एवढी जागा का?

वाचताना पेन्सिल हातात ठेवायची आणि खटकलं तिथे समासात प्रश्नचिन्ह करायचं. पुस्तक वाचनालयाचं असेल, तर वहीत पान नंबर टिपून ठेवायचा. दहा प्रश्नचिन्हांतून एक चांगला प्रश्न मिळतो आणि त्याचं उत्तर म्हणजे तुमचं साध्य.

इथे कडेगावच्या मुलांच्या हाताशी एक वेगळी गोष्ट आहे. ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांचं पाणी या भागात आलं आणि शिवारं बदलली. कालव्याच्या काळात वाढलेल्या मुलाला कादंबरीतला दुष्काळ जुन्या काळातली गोष्ट वाटतो. घरातल्या आजी-आजोबांना तो तसा वाटत नाही. त्यांना विचारलं, तर पुस्तकाकडे पाहण्याचा नवा प्रश्न मिळू शकतो. फक्त एक पथ्य पाळायचं. आजीच्या आठवणीतून प्रश्न घ्यावा, पण पुरावा पुस्तकातूनच द्यावा.

पुरावा आणि सारांश यात फरक काय?

सगळ्यात जास्त निबंध घसरतात ते इथेच. साध्य लिहून झालं की मुलं गोष्ट सांगायला लागतात आणि चार परिच्छेदांनंतर गोष्ट संपली की निबंधही संपतो.

सारांश असा असतो : मास्तर वाडीत येतो. तो लोकांची पत्रं लिहून देतो. मग सगळे मिळून तालीम बांधतात. पुढे दुष्काळ पडतो आणि लोक निघून जातात.

पुराव्याचा परिच्छेद असा : मास्तरला वाडीत मान मिळतो तो पाटी-पुस्तकामुळे मिळत नाही. लोकांची पत्रं लिहिणं, बाहेरगावची बारीकसारीक कामं करून आणणं, भांडणात मध्ये पडणं, अशा कामांतून तो मिळतो. ही कामं त्याच्या नेमणुकीत नाहीत. ती वाडी त्याच्याकडून करून घेते. म्हणजे मास्तर कसा असावा, हे सरकारी हुकूम ठरवत नाही, वाडी ठरवते.

दोन्हीकडे घटना त्याच आहेत. दुसऱ्या परिच्छेदात प्रत्येक घटनेमागे ‘म्हणून काय?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रत्येक पुराव्याखाली पेन्सिलीनं ‘म्हणून काय?’ लिहायची सवय लावली, तर निम्मं काम होतं. उत्तर देता आलं नाही, तर तो पुरावा काढून टाकायचा.

आणखी एक खूण. सारांशात परिच्छेद ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘पुढे’ अशा शब्दांनी जोडलेले असतात. मुद्देसूद निबंधात ते ‘कारण’, ‘म्हणून’, ‘असं असलं तरी’ अशा शब्दांनी जोडलेले असतात.

आक्षेप आला तर काय करायचं?

आक्षेप येईपर्यंत थांबायचंही नाही. आपणच तो मांडायचा. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणत. आधी समोरच्याचं म्हणणं जोरकसपणे सांगायचं आणि मग त्याला उत्तर द्यायचं.

आपल्या उदाहरणात पूर्वपक्ष तगडा आहे. तालमीची कल्पना मास्तरची. तिच्यासाठी अख्खी वाडी राबते. उद्घाटनाला खुद्द संस्थानचे राजे येतात. मग ‘वाडीनं मास्तरला शिकवलं’ हे एकतर्फी वाक्य कसं टिकणार?

ते टिकत नाही. म्हणून ते बदलायचं. नवं साध्य असं होऊ शकतं : ‘मास्तर आणि वाडी एकमेकांना घडवतात, पण ती घडण दुष्काळापुढे टिकत नाही. त्यामुळे ही सुधारणेच्या यशाची गोष्ट राहत नाही, ती सुधारणेच्या मर्यादेची गोष्ट होते.’ आता तालीम आपल्या विरोधातला पुरावा राहिली नाही. ती आपल्याच बाजूला आली. तालीम उभी राहते, पण तिथे घुमायला माणसं उरत नाहीत.

भूमिती आणि साहित्य इथे वेगळे होतात. भूमितीचं साध्य आधीच ठरलेलं असतं आणि सिद्धता झाली की विषय संपतो. साहित्यात लिहिता लिहिता साध्यच बदलू शकतं आणि दोन विद्यार्थी वेगवेगळी साध्यं घेऊन दोघंही चांगले गुण मिळवू शकतात. शिक्षकानं ‘बरोबर उत्तर’ फळ्यावर लिहून दिलं, तर हा सगळा व्यायाम वाया जातो.

याच कादंबरीचा राम देशमुख यांनी इंग्रजी अनुवाद केला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो ‘गावाला भिंती नव्हत्या’. मूळ शीर्षक वाडीचं नाव सांगतं. अनुवादाचं शीर्षक वाडीबद्दल एक दावा करतं. वर्गात विचारायला प्रश्न तयार आहे : तुम्हाला हा दावा पटतो का?

हे सगळं परदेशी आहे का?

नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मराठीत ठाम भूमिका घेऊन लिहिलेले निबंध आहेत. कोल्हापूरशी नातं असलेले ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावानं ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आजही ओळखला जातो. तो वाद म्हणजे एकमेकांविरुद्धची दोन साध्यं.

म. वा. धोंड यांना ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ या पुस्तकासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एरवी आपण ज्ञानेश्वरी अध्यात्मासाठी वाचतो. धोंडांनी त्यातल्या दृष्टांतांकडे त्या काळच्या रोजच्या जगण्याची खूण म्हणून पाहिलं. ‘वरवर पाहता..., पण नीट वाचलं तर...’ याचं इतकं मोठं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आणि सांगलीच्याच डॉ. तारा भवाळकर. दिल्लीत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. बायकांच्या ओव्या आणि लोकगीतांतली सीता महाकाव्यातल्या सीतेहून वेगळं बोलते, हे त्यांनी आपल्या लेखनातून दाखवलं. ज्या ओव्या जात्यावरची करमणूक म्हणून सोडून दिल्या जात होत्या, त्यांतून त्यांनी एक मुद्दा उभा केला.

म्हणजे परंपरा आहे. ती वर्गातल्या चार गुणांच्या प्रश्नापर्यंत पोहोचलेली नाही, एवढंच.

साठ मुलांच्या वर्गात हे शिकवायचं कसं?

साठ निबंध तपासायला कुणाला वेळ आहे, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणून सुरुवात निबंधापासून करायचीच नाही. एका आठवड्याचं नियोजन असं करता येईल.

• पहिला तास : एक छोटी कथा किंवा कविता मोठ्यानं वाचायची. प्रत्येकानं खटकलेली एक जागा चिठ्ठीवर लिहायची. चांगल्या पाच जागा फळ्यावर.

• दुसरा तास : प्रत्येकानं फक्त एक वाक्य लिहायचं, साध्याचं. शिक्षकांनी साठ वाक्यं तपासायची. एका वाक्याला तीनपैकी एक खूण पुरते : मा (माहिती), म (मत), सा (साध्य).

• तिसरा तास : जोड्या पाडायच्या. एकानं साध्य सांगायचं, दुसऱ्यानं ‘नाही’ म्हणायचं आणि कारण द्यायचं. मग अदलाबदल. पूर्वपक्ष इथे आपोआप तयार होतो.

• चौथा तास : एकच परिच्छेद. एक पुरावा आणि त्याखाली ‘म्हणून काय?’चं उत्तर.

• पाचवा तास : साध्य पुन्हा लिहायचं. पहिलं आणि शेवटचं वाक्य शेजारी ठेवून काय बदललं, ते सांगायचं.

पूर्ण निबंध महिन्याच्या शेवटी एकदा लिहून घेतला तरी चालतो. आणि बोर्डाच्या ४ गुणांच्या उत्तरातही हे बसतं. आशयसौंदर्याच्या पहिल्याच ओळीत साध्य लिहायचं आणि काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्यं हे दोन्ही मुद्दे त्याचे पुरावे म्हणून वापरायचे. ‘इथे अनुप्रास आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. त्या अनुप्रासानं काय साधलं, ते एका वाक्यात लिहायचं. साचा तोच राहतो, पण उत्तराला कणा येतो.

मोबाइलवर तयार उत्तर मिळतं, मग?

मिळतं. गाइडमध्ये पूर्वीही मिळत होतं, आता एआयच्या चॅटबॉटवर काही सेकंदांत मिळतं. भाषा सफाईदार असते. पण चॅटबॉट कधी कधी पुस्तकात नसलेला प्रसंगही ठामपणे सांगतो. उत्तर कुठूनही आलेलं असो, तपासण्याचे प्रश्न तेच : नाव बदललं तर हे वाक्य दुसऱ्या पुस्तकाला चालेल का? हा प्रसंग कोणत्या पानावर आहे? याला नाही म्हणणारा काय म्हणेल?

शिक्षकांसाठीही हे सोयीचं आहे. घरून लिहून आणलेला निबंध कुणाचा, हे शोधत बसण्यापेक्षा मुलाला उभं करून तिसरा प्रश्न विचारावा. ज्यानं स्वतः वाचलं आहे, तो अडखळत का होईना, उत्तर देतो.

सराव कशावर करायचा?

या भागातल्या मुलांना पुस्तकासाठी लांब जायला नको.

‘कृष्णाकाठ’ : यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे इथे, त्यांच्या आजोळी झाला. हे गाव आज कडेगाव तालुक्यात आहे. त्यांचं हे आत्मचरित्र १९४६ पर्यंतच्या आयुष्याचं आहे. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री झालेला माणूस सत्तेच्या आधीच्या वर्षांबद्दल लिहिताना काय सांगायचं निवडतो? इथून साध्य निघू शकतं.

‘फकिरा’ : अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. ही कादंबरी १९५९ ची. गावाच्या मानासाठी जोगणी आणणारा राणोजी आणि भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा त्याचा मुलगा फकिरा, हे दोघं शेजारी ठेवा. फकिराचं बंड भुकेतून येतं की मानातून? दोन्ही बाजूंना पुरावे आहेत, म्हणून प्रश्न चांगला आहे.

‘बनगरवाडी’ : वर दिलेलं साध्य जसंच्या तसं वापरू नका. ते खोडून दाखवा. त्यासाठी कारभारी, आनंदा रामोशी किंवा शेकूची बायको, यांच्यापैकी एकाला निबंधाच्या मध्यभागी आणा.

सुरुवात करण्यासाठी पूर्ण पुस्तकही लागत नाही. पाठ्यपुस्तकातला एक धडा उघडा, खटकलेल्या जागेचा पान नंबर लिहा आणि त्याखाली ‘साध्य’ असं लिहून एक वाक्य पूर्ण करा. ते वाक्य घरात कुणाला तरी वाचून दाखवा. ‘असं कसं?’ असा प्रश्न आला, तर निबंध सुरू झाला असं समजा.